सातवा डबा, आठवा डबा

टीव्हीच्या मागे हात घालून तिनं केबलची वायर ओढली. सहज निघेल असं वाटलं होतं, पण लेकीनं गेल्या महिन्यात पेच घट्ट पिळून ठेवला होता. तिनं भिंतीला खांदा टेकवला, दोन बोटांनी पेच उलटा फिरवला, आणि वायर हातात आली तशी बातम्या सांगणारी बाई बोलता बोलता नाहीशी झाली. पडद्यावर नुसत्या मुंग्या. ती स्वयंपाकघरात गेली आणि कप पुसायला लागली. सगळे कप सकाळीच पुसून झाले होते.

"अगं, हे काय झालं?" बाहेरून नवरा ओरडला. "आत्ता तर चालू होता!"

"मला काय विचारता? मी इकडे आहे."

"अगं, पण पावणेतीन झाले!"

साठी उलटलेल्या बाईनं असलं पोरकट काम करावं याची लाज वाटायला हवी. तिला ती वाटतही होती. पण भीती लाजेहून मोठी होती. तीन वाजता टीव्हीवर तिच्या नवऱ्याचा चित्रपट लागणार होता, त्यानं आयुष्यात काढलेला एकुलता एक, आणि त्या चित्रपटात तिनं केलेली एक चूक होती जी त्याला अडतीस वर्षं माहीत नव्हती. आज पाच वाजायच्या आत ती कळणार होती.

"आई, नुसती वायर निघाली होती," लेक दारात येऊन म्हणाली. "लावली मी."

"बरं झालं."

लेकीनं आईच्या हाताकडे बघितलं. दोन बोटांना धूळ लागली होती आणि त्याच हातानं ती स्वच्छ कप पुसत होती. लेकीनं कप काढून घेतला, नळाखाली धरला आणि चहाचं आधण ठेवलं.

बाहेरच्या खोलीत नवऱ्यानं खुर्च्या अर्धगोलात मांडल्या होत्या. तो नगरपालिकेत नकाशे काढण्याच्या कामावरून निवृत्त झालेला माणूस, त्यामुळे अर्धगोल खरोखरच अर्धगोल होता. इस्त्रीचा सदरा, पायात घरातही बूट. वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर स्वतःची खुर्ची घेऊन आले होते, कारण दुसऱ्याच्या खुर्चीत त्यांची पाठ धरते. ते आयुष्यभर दुसऱ्यांना खुर्चीत बसवत आले, म्हणून हा नखरा, असं नवरा त्यांना तोंडावर म्हणायचा.

"काय, दिग्दर्शक!" डॉक्टर म्हणाले. "आज तुमची कवळी बाहेर येणार."

"येऊ दे," नवरा हसला. "अडतीस वर्षं पाण्यात ठेवलीय."

इतका खूश तो लेकीच्या लग्नातही नव्हता.

दर शनिवारी दुपारी तीनला टीव्हीवर 'डब्यातून बाहेर' लागायचं. जग जेवून आडवं झालेलं असतं किंवा दुकानात गिऱ्हाइकाची वाट बघत जांभया देत असतं, ती वेळ. पडलेले, हसण्यावारी गेलेले, चार दिवसांत उतरवलेले चित्रपट कुठून कुठून शोधून आणायचे आणि एका हंगामात दहा दाखवायचे. ते दाखवणारा गृहस्थ भर उन्हाळ्यातही गळ्यात मफलर घालून बसायचा, म्हणून सगळे त्याला मफलरवालाच म्हणत. त्याच्या शेजारी एक रिकामी खुर्ची असे. "ही तुमची," तो सुरुवातीला म्हणायचा, आणि मग पाच मिनिटं बोलायचा. चित्रपट चांगला आहे की वाईट हे तो चुकूनही सांगत नसे. एखादी जागा मात्र सांगायचा. अमुक बाई पत्र वाचते तेव्हा तिच्या पायांकडे बघा. तमुक माणूस जिना उतरतो तेव्हा पायऱ्या मोजा. एवढंच. आणि जी माणसं एरवी असल्या चित्रपटासमोर दहा मिनिटं टिकली नसती, ती दोन तास पाय मोजत बसायची, कारण शेवटी मफलरवाला परत येऊन विचारणार असायचा: "काय, दिसलं का?"

नवरा गेली सहा वर्षं त्याचा भक्त होता. शनिवारी दुपारी त्याला कुणी हाक मारायची नाही. या हंगामातला दहावा, शेवटचा चित्रपट तुमचा आहे, असं वाहिनीचं पत्र आलं तेव्हा त्यानं ते उभ्यानं वाचलं, मग आत जाऊन दाढी केली. सकाळी एकदा केलेली होती.

पत्राखाली एक ओळ होती. शेवटच्या चित्रपटाचा समारोप थेट असतो; दिग्दर्शकांशी फोनवर बोलू; कृपया घरी थांबावे.

तेव्हापासून ती नीट झोपली नव्हती.

चूक साधी होती. लग्नाला सहा महिने झाले होते तेव्हा. चित्रपट तो काढत होता आणि ती कापत होती; एडिटिंग रूममध्ये सगळे तिला कात्रीबाई म्हणत. 'वाटणीची होडी' नावाचा तो चित्रपट चौदा रिळांचा, म्हणजे चौदा डब्यांचा. दोन भाऊ आणि बापानं मागे ठेवलेली एक होडी. सातव्या रिळात दोघं जेवायला बसतात, होडीवरून भांडतात आणि थोरला ताटावरून उठून निघून जातो. आठव्यात थोरला बुडून मेलेला असतो आणि त्याला आणतात. नेमकी तीच दोन रिळं धुलाईत खराब होऊन परत आली होती आणि लॅबमधून नवी आली त्या संध्याकाळी निरोप आला की नवऱ्याची कावीळ वाढली, त्याला दवाखान्यात ठेवलंय. प्रत्येक रिळाच्या सुरुवातीच्या कोऱ्या पट्टीवर शाईनं आकडा घालायचा असतो. तिनं उभ्या उभ्या दोन्ही पट्ट्यांवर आकडे घातले, डबे बंद केले आणि धावली. सातव्यावर आठ, आठव्यावर सात. पुढे त्याच आकड्यांनी प्रती निघाल्या; त्या तपासल्याही तिनंच, एकेक रीळ सुटं लावून, कुठे ओरखडा आहे का, आवाज ओठांशी जुळतो का एवढंच बघत. सुट्या रिळांमध्ये मागचं पुढे झालेलं दिसत नाही.

ते तिला पहिल्याच खेळाला थिएटरात दिसलं. थोरला भाऊ मेला, त्याला आणलं, बाया रडल्या, आणि पुढच्याच मिनिटाला तो पाटावर बसून जेवत होता. लोक खुर्च्यांवर हात आपटून हसले. ती जिना चढून यंत्रघरात गेली. तिथला माणूस म्हणाला, "बाई, डब्यावर जो आकडा असेल तो मी लावतो." पुढच्या खेळाला उलटे लावा, असं तिनं त्याला हात जोडून सांगितलं. पुढच्या खेळाला चारच माणसं आली, खेळ झाला नाही आणि संध्याकाळी पोस्टर उतरलं. दुसऱ्या दोन गावांतही तेच.

दवाखान्यात नवऱ्याला कुणीतरी एवढंच सांगितलं की मरणाच्या जागी लोक हसले.

"मला मरण दाखवता आलं नाही," तो पिवळ्या डोळ्यांनी म्हणाला. "माझ्यात ते नाहीच."

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बजावलं होतं, मनाला त्रास होईल असं काही बोलू नका. ती बोलली नाही. तो घरी आला तेव्हा अशक्त होता, म्हणून बोलली नाही. मग त्यानं नगरपालिकेत अर्ज टाकला, मग लेक झाली, आणि मग तर बोलणं म्हणजे सुखाच्या संसारात आपल्या हातानं बिब्बा घालणं होतं. एका वर्तमानपत्रात 'प्रेताला भूक लागते' अशा मथळ्याचं टिपण आलं होतं. ते तिनं त्याच्या हाती पडायच्या आत चुलीत घातलं. कात्री सोडून ती पुस्तकबांधणीच्या कारखान्यात लागली. तिथे छापलेले फर्मे, म्हणजे पानांचे घडी घातलेले गठ्ठे, क्रमानं लावायचं काम असतं. बाकीच्या बायका एकदा बघायच्या, ती तीनदा बघायची. सगळ्या तिला हसत. एवढी वर्षं तिच्या हातून एकाही पुस्तकाचं एकही पान मागेपुढे गेलं नाही, आणि त्याचा उपयोग शून्य होता.

गेल्या आठवड्यात तिनं ठरवलं होतं की सांगून टाकायचं. नवऱ्याला नव्हे, तेवढी हिंमत नव्हती. मफलरवाल्याला. वाहिनीला चित्रीकरणाचा जुना फोटो हवा होता, तो तिनं कारखान्यात जाता जाता देते म्हणून हातात घेतला. वाटेत दहा वेळा वाक्य घोकलं: रिळं उलटी लागलीत, तेवढी सरळ करून दाखवा, आणि कृपा करून यांना कळू देऊ नका.

स्टुडिओ म्हणजे एक गोदामवजा खोली निघाली. टीव्हीवर दिसणारी भिंतभर पुस्तकं पुठ्ठ्याची होती. मफलरवाला त्या दिवशी जुन्या चित्रपटांच्या प्रस्तावना एका दमात भरून घेत होता. दर प्रस्तावनेला मफलर बदलायचा की झाला वेगळा शनिवार. ती दिग्दर्शकाची बायको हे कळल्यावर तो उठून उभा राहिला आणि त्यानं तिला त्या रिकाम्या खुर्चीत बसवलं.

"वहिनी, तुम्हाला कल्पना नाही," तो म्हणाला, "या चित्रपटासाठी मी तीन वर्षं वणवण केली. बंद पडलेल्या थिएटरच्या माळ्यावर सापडला."

"मला त्याच्याबद्दलच जरा..."

"आणि तो मेलेला भाऊ!" त्यानं तिचं वाक्य पुरं होऊच दिलं नाही. त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते खोटे नव्हते. "मेलेला भाऊ येऊन जेवायला बसतो. कुणी दचकत नाही. धाकटा त्याच्याशी भांडतो, अगदी रोजच्यासारखा. आणि थोरला उठून जातो. माझी आई गेली त्यानंतर वर्षभर मी तिच्याशी रोज भांडत होतो, वहिनी. हे असंच असतं. पण हे पडद्यावर दाखवायची छाती कुणाला झाली नाही. यांना अठ्ठाविसाव्या वर्षी कसं सुचलं हो?"

तिनं तोंड उघडलं. खोलीतला कॅमेरावाला, दिवे सांभाळणारी मुलगी, सगळे तिच्याकडे कौतुकानं बघत होते. कोपऱ्यात एक टेबल पत्रांनी भरलं होतं. मफलरवाल्यानं त्यातली दोन उचलून दाखवली. एक रुग्णालयातल्या परिचारिकेचं, जी दुपारच्या सुट्टीत अर्धाच चित्रपट बघू शकते आणि उरलेला त्याला पत्रातून विचारते. दुसरं एका इस्त्रीवाल्या बाईचं. तिनं लिहिलं होतं, तुम्ही म्हणता बघा, म्हणून मी बघते, नाहीतर मला कोण काही दाखवतंय.

"संकलकांनाही शोधतोय आम्ही," तो म्हणाला. "नावावरून पत्ता लागत नाही. तुम्हाला काही माहिती?"

चित्रपटाच्या नावांत तिचं माहेरचं नाव होतं.

"नाही," ती म्हणाली, फोटो टेबलावर ठेवला आणि बाहेर आली. म्हणजे जे गप्प राहून चाललं होतं, त्यात आता धडधडीत खोट्याची भर पडली.

"लागलं, लागलं!" डॉक्टर ओरडले.

ती चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली आणि नवऱ्याच्या मागच्या खुर्चीत बसली. तिथून त्याची मान आणि कानाची पाळी तेवढी दिसत होती. तिला तेवढंच पुरे होतं. त्या मानेवरून तिला सगळं कळायचं.

पडद्यावर मफलरवाला, मफलर तपकिरी. "ही खुर्ची तुमची," तो म्हणाला. मग पाच मिनिटं बोलला. होडीबद्दल बोलला, पाण्याबद्दल बोलला, आणि शेवटी पुढे वाकून म्हणाला, "मध्यावर एक जेवण आहे. ताटं मोजा."

"ताटं?" नवरा मागे वळला. "जेवण तर साधंच आहे ते. त्यात काय मोजायचंय?"

"बघा की," ती म्हणाली.

चित्रपट सुरू झाला. नावं आली, लेकीनं "आई, तू!" म्हणून टाळी वाजवली, नवऱ्यानं न बघता मागे हात करून तिचा गुडघा थोपटला. पहिलं रीळ, दुसरं. तो प्रत्येक प्रसंगाच्या अर्धा श्वास आधी पुढचं वाक्य पुटपुटत होता. तिला मात्र वाक्यं ऐकू येत नव्हती, ती रिळं मोजत होती. रीळ संपताना पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात एक काळा ठिपका क्षणभर चमकून जातो. बाकी कुणाला तो दिसत नाही. तिला तो हातोडीसारखा लागत होता. चौथं संपलं. मधेच साबणाची जाहिरात, डॉक्टर पाठ मोकळी करून आले. पाचवं. धाकटा भाऊ होडीला डांबर लावतो, तो लांबलचक प्रसंग. हा प्रसंग कापा म्हणून ती तेव्हाही सांगत होती, त्यानं ऐकलं नव्हतं. खरं सांगायचं तर तिला तेव्हाही वाटायचं की चित्रपट नीटनेटका आहे, एकही रेघ वाकडी नाही, पण त्यात धुगधुगी कमी आहे. नव्या नवरीनं नवऱ्याला असं सांगायचं नसतं.

सहावं रीळ. ठिपका.

पडद्यावर किनारा आला. चार माणसं झोळीत काहीतरी घेऊन येत होती.

नवऱ्याचं पुटपुटणं थांबलं.

त्याची मान आधी जराशी डावीकडे झाली. चुकीच्या ठिकाणी दार दिसल्यावर माणूस थबकतो तसा तो थांबला. झोळी खाली ठेवली. बाया रडल्या. थोरल्याचा चेहरा. "अरेरे," डॉक्टर म्हणाले, "गेला होय?" नवऱ्यानं चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, परत घातला. लेक म्हणाली, "बाबा, किती छान घेतलंय हे."

ती उठली असती तर बरं झालं असतं. पण ती बसूनच राहिली.

ठिपका. जेवणाची खोली, दोन पाट. धाकटा ताटं वाढतो, एक, दोन. थोरला येतो, हात धुतो, बसतो. त्याच्या केसांतून पाणी गळत होतं. चित्रीकरणाच्या दिवशी तो नट आंघोळ करून तसाच आला होता, एवढंच. पण आता तो थेट पाण्यातून उठून आल्यासारखा दिसत होता. धाकटा म्हणाला, होडी विकायची नाही. थोरला म्हणाला, तूच चालव मग एकटा. दोघांतलं कुणी वर बघत नव्हतं.

"अहो, पण हा मेला ना?" डॉक्टर म्हणाले.

"गप्प बसा हो काका," लेक म्हणाली. ती रडत होती.

या वेळी कुणी हसलं नाही. थोरला ताटावरून उठला आणि दाराबाहेर गेला, आणि धाकटा त्याच्या अर्ध्या ताटाकडे बघत राहिला. केवढा वेळ बघत राहिला! अडतीस वर्षांपूर्वी तिनंच तो तुकडा कापून लावला होता. पण हा इतका लांब होता हे तिला आज कळलं.

नवऱ्यानं मागे वळून तिच्याकडे पाहिलं.

त्या नजरेत काय होतं हे तिला नीट वाचता आलं नाही. राग असता तर बरं वाटलं असतं. तो नुसता बघत होता, मोजमाप जुळत नसलेल्या नकाशाकडे बघावं तसा. मग तो पुन्हा पडद्याकडे वळला आणि उरलेला चित्रपट संपेपर्यंत तो हललासुद्धा नाही.

चित्रपट संपला, जाहिराती लागल्या. तो उठून स्वयंपाकघरात गेला. ती त्याच्यामागे गेली. तो नळ सोडून उभा होता, पाणी प्यायला नाही.

"आकडे तू घातले होतेस," तो म्हणाला.

"हो."

"कधी कळलं तुला?"

"पहिल्याच खेळाला. थिएटरात."

"पहिल्याच खेळाला." त्यानं ते शब्द हळू म्हटले. "आणि मी म्हणत राहिलो, मला जमलं नाही. लेकीला सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं. तू समोर बसून ऐकत होतीस."

"हो."

"एकदा तरी, अगं. एकदा तरी सांगायचंस."

तिला सांगायचं होतं की कावीळ होती, अशक्तपणा होता, लेक होती, भीती होती. आणि यातली एकही गोष्ट अडतीस वर्षं पुरेल एवढी मोठी नव्हती. "चुकलं माझं," ती म्हणाली. "दोनदा चुकलं. पहिलं घाईत झालं. दुसरं रोज केलं."

तो काहीतरी बोलणार होता. तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा! फोन!" लेकीनं टीव्हीचा आवाज बंद करून हाक मारली. "लवकर या, ते थेट आहे!"

तो बाहेर गेला आणि फोनशी उभा राहिला. लेकीनं सगळ्यांना ऐकू यावं म्हणून फोनचं स्पीकरचं बटण दाबलं. पडद्यावर मफलरवाल्याचे ओठ मुक्यानं हलत होते आणि आवाज टेबलावरून येत होता.

"नमस्कार, दिग्दर्शक. सगळी माणसं बसली आहेत, पत्रं लिहिणारी, न लिहिणारी. मला एकच विचारायचंय. तो मेलेला भाऊ जेवायला येतो. हे तुम्हाला कसं सुचलं?"

तिनं दाराच्या चौकटीला धरलं. आता तो काहीही बोलू शकत होता. थोडक्यात आभार मानून मोकळा होऊ शकत होता, आणि ते श्रेय त्याच्या नावावर जमा झालं असतं. किंवा हसू शकत होता: बायकोनं डबे उलटे लावले, आणखी काय.

"ते माझं नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"मी लिहिलं ते वेगळं होतं. हे संकलकाचं. ती इथेच आहे, तिला विचारा." आणि त्यानं रिसीव्हर तिच्यापुढे धरला.

लेक आ वासून बघत होती. ती चार पावलं चालून आली. रिसीव्हर हातात घेताना तिची बोटं त्याच्या बोटांना लागली. त्याची थंड होती.

"कोण, वहिनी? तुम्हीच?" मफलरवाला म्हणाला. "त्या दिवशी तर काही बोलला नाहीत!"

"नाही बोलले," ती म्हणाली. "चूक झाली होती. सातव्या रिळावर मी आठ घातला आणि आठव्यावर सात. तो भाऊ परत येत नाही हो. तो आधी जेवतो आणि मग मरतो. लोक हसले ते माझ्यामुळे. यांना वाटलं, यांच्यामुळे. मी कधी सांगितलं नाही. यांना आज कळलं, तुमच्याबरोबरच."

पडद्यावर मफलरवाल्याचे ओठ थांबले. सहा वर्षांत त्याला शब्द सापडत नाहीत असं कुणी पाहिलं नव्हतं. डॉक्टरांनी स्वतःची खुर्ची थोडी मागे सरकवली, जणू ही जागा आपली नाही हे त्यांच्या आता लक्षात आलं.

"वहिनी," आवाज आला, आणि तो टीव्हीवरचा नव्हता, त्या गोदामातल्या माणसाचा होता. "मग दोन्ही चित्रपट जाणणारे जगात तुम्ही दोघंच. विचारू का नको कळत नाही. पण विचारतो. कुठला चांगला? त्यांचा, की हा?"

नवरा खुर्चीत बसला होता. तिच्याकडे तोंड करून, दोन्ही हात गुडघ्यांवर. 'त्यांचा' असं ती म्हणाली असती तर सगळं गोड झालं असतं. अडतीस वर्षांचं देणं एका शब्दात थोडं तरी फिटलं असतं. तो शब्द तिच्या जिभेवर आला. घरोघर बसलेल्या माणसांना तो आवडला असता.

"खरं सांग," नवरा म्हणाला.

"हा," ती म्हणाली. "आत्ता पाहिलात तो."

त्यानं मान खाली घातली. तिला वाटलं, संपलं. मग त्यानं मान हलवली, एकदा, दोनदा, स्वतःशीच. डोळ्यांतलं पाणी त्यानं पुसलं नाही.

"मलाही," तो म्हणाला, इतकं हळू की टेबलावरच्या फोनला ते पकडता आलं नाही. "मलाही हाच वाटला."

"वहिनी?" मफलरवाला विचारत होता. "काय म्हणाले ते? इकडे ऐकू आलं नाही."

"ते आमचं घरातलं आहे," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.